सावलीची कड

ताईचे डोळे करडे-तपकिरी आहेत, पण तिच्या एकाही जुन्या फोटोत तो रंग नाही. शाळेत असल्यापासून तिला जाड भिंगांचा चश्मा आहे. घरातले अल्बम उघडले की ती कुठेतरी कडेला उभी दिसते आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरे डाग असतात. चेहरा सपाट, कपाळ चकाकणारं, मागच्या भिंतीवर डोक्याला चिकटलेली काळी सावली. यातले निम्म्याहून जास्त फोटो मी काढलेले आहेत. घरात कॅमेरा माझ्या हातात असायचा आणि खोलीत अंधार वाटला की त्याचा फ्लॅश आपोआप उडायचा.

ती कधी तक्रार करत नसे. "सगळे छान आलेत गं," म्हणायची आणि अल्बम पुढे सरकवायची. मग केव्हातरी, कॅमेरा बाहेर निघाला की चश्मा काढून हातात धरायची सवय तिला लागली. चश्म्याशिवाय समोरचा माणूस तिला पुसट आकृतीसारखा दिसतो. त्यामुळे त्या फोटोंमध्ये ती हसते आहे, पण बघते आहे ती माझ्या आवाजाच्या दिशेनं. माझ्याकडे नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आम्ही दोघीही चाळिशीच्या पुढे गेलो होतो. इतकी वर्षं मी तिचे फोटो काढत होते आणि तिनं माझ्यासाठी केलेली ही तडजोड मला दिसली नव्हती. प्रकाशयोजना शिकायला मी त्या दिवसानंतर लागले.

सुरुवात चुकीच्या निदानानं झाली. मला वाटायचं, उजेड कमी पडतो. म्हणून मी उजेड वाढवत गेले. मोठा फ्लॅश घेतला, दोन एलईडी पॅनल घेतले, चंदेरी रिफ्लेक्टर घेतला, दिव्याचा उजेड पसरवणारी पांढरी छत्री घेतली. खोली लख्ख व्हायची आणि फोटो आधीपेक्षा निर्जीव. दोन दिवे दोन बाजूंनी लावले की नाकाच्या दोन्ही अंगांना दोन सावल्या पडतात. एकदा त्या दिसल्या की चेहऱ्यावर दुसरं काही दिसेनासं होतं. त्या घालवायला तिसरा दिवा लावायचा, मग त्या तिसऱ्या दिव्याची सावली निस्तरत बसायचं. कित्येक महिने मी सावल्यांच्या मागे लागले होते, त्यांना पुसून टाकण्यासाठी.

उजेडाच्या बाबतीत आपला डोळा फार सांभाळून घेणारा आहे. लक्स हे उजेड मोजायचं एकक; भर दुपारच्या उन्हात साधारण 1,00,000 लक्स उजेड असतो. रात्री दिवे लावलेल्या घरात तो 100 ते 200 लक्सच्या आसपास असतो. म्हणजे पाचशे ते हजार पट फरक. तरीही बाहेरून आत आल्यावर काही मिनिटांत डोळा असा सरावतो की काही बदललंय असं वाटतही नाही. रंगाचंही तेच. पिवळ्या बल्बखाली धरलेला कोरा कागद आपल्याला पांढराच दिसतो, कारण तो पांढरा असणार हे मेंदूनं आधीच धरलेलं असतं. कॅमेरा काही धरून चालत नाही, येईल ते मोजतो. म्हणजे मला जी गोष्ट शिकायची होती, तिच्याविषयी माझेच डोळे मला रोज चुकीची खबर देत होते. सावली मात्र पकडता येते. ती कुठे पडली, कुठवर गेली, तिची कड कशी आहे, हे कोणालाही बघता येतं. मला ते एका कागदाच्या बोळ्यानं शिकवलं.

पांढरा कागद चुरगळून टेबलावर ठेवला. पडदे ओढले, खोलीतले सगळे दिवे घालवले आणि एकच टेबललॅम्प चालू ठेवला. कॅमेरा ट्रायपॉडवर, जागचा न हलणारा. दिवा कॅमेऱ्याला खेटून धरला आणि पहिला फोटो काढला. मग दिवा बोळ्याभोवती गोल फिरवत न्यायचा, दर थोड्या अंतरावर एक फोटो. उजेड समोरून होता तेव्हा बोळा म्हणजे नुसता पांढरा ठिपका होता. दिवा तिरपा झाला तसा तो ठिपका फुगून गोल व्हायला लागला. दिवा अगदी बाजूला आला तेव्हा एकेक चुणी उभी राहिली, उंचावरून डोंगररांगा बघाव्यात तशी. आणि दिवा मागे गेला तेव्हा बोळ्याचं अंग अंधारात बुडालं, कडा पेटल्या, आणि जिथे कागदाचा एकच पदर होता तिथून उजेड आरपार आला. दिवा तोच, अंतर तेच, कागदही तोच.

जवळजवळ तीन आठवडे मी हे रोज केलं. कोणी शिकायला आलं तर आजही मी पहिल्यांदा हेच सांगते. बहुतेकांना ते पटत नाही, कारण त्यांना माणसांचे फोटो काढायचे असतात आणि मलाही माणसांचेच काढायचे होते. पण समोर माणूस बसलेला असला की त्याच्या अवघडलेपणाचं दडपण आपल्यावर येतं. तो कंटाळेल म्हणून आपण घाई करतो, आणि जे पहिल्यांदा बरं दिसेल त्यावर थांबतो. बोळ्यासमोर तासभर चुका करता येतात.

त्याच दिवसांत मी दुर्बिणीतून चंद्र बघत होते. पौर्णिमेच्या चंद्रावर दुर्बीण लावली तर थोडी निराशाच होते. पांढऱ्या थाळीवर करडे डाग, बस. खड्डे, डोंगर काही उठून दिसत नाही. कारण तेव्हा सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि चंद्रावरची प्रत्येक सावली त्या त्या उंचवट्याच्या मागे लपलेली असते. तोच चंद्र अष्टमीच्या सुमारास बघावा. उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या रेषेवर ऊन आडवं येतं, लहानशा कड्याचीही लांबच लांब सावली पडते, खड्ड्यांना खोली येते, आणि चंद्र हा गोळा आहे हे डोळ्यांना पटतं. त्या रात्री मला अल्बममधले फोटो आठवले. मी ताईचा प्रत्येक फोटो पौर्णिमेचा काढत होते. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसलेला फ्लॅश म्हणजे पाठीशी असलेला सूर्य.

चंद्रावरून आणखी एक सांगायचं राहील. त्याच्या फोटोंतले खड्डे कधीकधी फुगवट्यांसारखे दिसतात आणि फोटो उलटा धरला की पुन्हा खड्डे होतात. उजेड वरूनच येणार असं आपला मेंदू गृहीत धरतो, त्याचा हा परिणाम. हनुवटीखाली बॅटरी धरली की घरातलं माणूसही अनोळखी वाटतं, तेही यामुळेच. मुख्य दिवा डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर ठेवायचा हा नियम मी पाठ केला होता. तो का आहे, हे मला चंद्रामुळे कळलं.

'फोटोग्राफी' हा शब्द ज्या ग्रीक मुळांपासून आला त्यांचा अर्थ उजेड आणि रेखाटणं असा आहे. आपण मात्र 'छायाचित्र' म्हणतो. छाया म्हणजे सावली आणि छाया म्हणजे प्रतिबिंबही. शब्द घडवणाऱ्यांच्या मनात यातलं कोणतं होतं याच्या खोलात मी जात नाही, पण मला तो शब्द आता फार जवळचा वाटतो.

भाषेनं मला एकदा चुकवलंही. उन्हासाठी मराठीत शब्दांची कमी नाही: कोवळं, कडक, रणरणतं, तिरपं, उतरतं. फोटोग्राफीत 'सॉफ्ट लाइट' आणि 'हार्ड लाइट' असं सारखं कानावर पडतं, तेव्हा मी मनाशी कोवळं आणि कडक अशी जोडी लावून टाकली. सकाळी कोवळ्या उन्हात माणसं उभी करायची, दुपारी घरात बसायचं. फोटो उबदार रंगाचे यायचे, पण चेहऱ्यावरच्या सावल्या तितक्याच कापल्यासारख्या. हे का होतंय ते मला कळेना. मग एका सकाळी खिडकीच्या गजाच्या सावलीकडे नीट बघितलं. कोवळ्या उन्हातही तिची कड चांगली रेखीव होती. कोवळं ऊन सौम्य असतं, पिवळसर असतं, डोळ्यांना खुपत नाही, पण फोटोच्या अर्थानं ते मऊ नसतं. उजेड मऊ आहे की नाही हे त्याच्या जोरावरून ठरत नाही, रंगावरूनही नाही. ते सावलीच्या कडेवरून ठरतं. सावली नेमकी कुठे सुरू झाली हे बोट ठेवून दाखवता येत असेल तर उजेड कडक. मळभ आलेल्या दिवशी ते दाखवता येत नाही.

आणि ती कड ठरते दिवा केवढा दिसतो यावरून. केवढा आहे यावरून नाही, जिथे उजेड पडतोय तिथून बघितलं तर केवढा दिसतो यावरून. सूर्याचा व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर आहे, पण तो आपल्यापासून 15 कोटी किलोमीटरवर आहे, त्यामुळे आकाशात तो जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. हात लांब करून करंगळी समोर धरली तर तिच्या निम्म्या रुंदीएवढा. एवढा अवाढव्य सूर्य फोटोच्या हिशेबात एक छोटा दिवा आहे. ढग आले की तोच उजेड ढगांत पसरतो आणि सगळं आकाशच दिवा होतं.

हे मी कागदावर समजून घेतलं होतं, पण पटलं ते स्वतःच्या सावलीकडे बघून. उन्हात उभं राहिलं की पायाजवळ सावलीची कड धारदार असते आणि डोक्याकडे जाता जाता ती विरघळत जाते. सावली पाडणारी वस्तू आणि सावली यांत 1 मीटर अंतर असेल तर कडेला सुमारे 9 मिलिमीटरचा धूसर पट्टा तयार होतो. अंतर वाढलं की पट्टा वाढतो. खूप उंचावर घिरट्या घालणाऱ्या घारीची सावली जमिनीवर शोधूनही सापडत नाही, ती सगळीच्या सगळी त्या धूसर पट्ट्यात विरून गेलेली असते. झाडाखाली पडणारे कवडसेही असेच. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी कवडसे गोल पडतात, कारण प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याची छोटी प्रतिमा असते. खंडग्रास सूर्यग्रहणात ते सगळे एकदम चंद्रकोरीसारखे होतात. फोटोच्या नियमाप्रमाणे कवडशात माणूस उभा करू नये, चेहऱ्यावर ठिगळं पडतात. मी हा नियम पाळते, पण कवडसे दिसले की थांबून बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

दिवा केवढा दिसतो यावर सगळं असेल, तर मऊ उजेडासाठी दिवा जवळ आणायला हवा. मी नेमकं उलट करत आले होते. लांबचा उजेड सौम्य, म्हणून दिवा लांब. 60 सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे तोंडावर पांढरं कापड ताणलेली दिव्याची पेटी, चेहऱ्यापासून 60 सेंटिमीटरवर असेल तर चेहऱ्याला तो भल्यामोठ्या खिडकीएवढा दिसतो. तोच 6 मीटरवर नेला की साधा बल्ब होतो. मी घेतलेली पांढरी छत्री निरुपयोगी नव्हती, ती फक्त खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती.

इथे मला सिनेमाचे कॅमेरामन सुब्रत मित्र यांच्याविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. सत्यजित राय यांच्या 1956 सालच्या 'अपराजितो' या चित्रपटासाठी बनारसमधल्या घराचं अंगण कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी स्टुडिओत उभं केलं. अशा चारी बाजूंनी बंद अंगणात थेट ऊन येत नाही. वरच्या चौकोनातून फक्त आकाशाचा उजेड झिरपतो, आणि त्याला जवळपास सावलीच नसते. स्टुडिओचे दिवे थेट सोडले असते तर माणसांच्या सावल्या भिंतींवर पडल्या असत्या आणि अंगण खोटं ठरलं असतं. मित्रांनी अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. कापडावरून परतलेला उजेड खाली आला. म्हणजे त्यांनी स्टुडिओत आकाश बांधलं. ते तेव्हा पंचविशीत होते. हे वाचलं त्या रात्री मी दोरीवर पांढरी चादर टाकली, फ्लॅशचं तोंड माझ्या विषयाकडून वळवून चादरीकडे केलं आणि कागदाच्या बोळ्याचा फोटो काढला. त्या बोळ्याची सावली मला अजून आठवते. ती टेबलावर पडली नव्हती, टेबलावर विसावली होती.

फ्लॅश छतावर किंवा भिंतीवर मारायचा, ही युक्ती पुष्कळांना माहीत असते. पण भिंत रंगीत असेल तर चेहराही त्या रंगाचा होतो, हे लक्षात ठेवावं. हिरव्या भिंतीजवळ काढलेले माझे एका संपूर्ण दिवसाचे फोटो त्यात गेले.

जवळ आणलेल्या दिव्याचा आणखी एक परिणाम असतो आणि तो मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. लहान दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई, चौपट केलं की सोळावा हिस्सा. आता समजा माणूस दिव्यापासून 1 मीटरवर आहे आणि मागची भिंत 4 मीटरवर. चेहरा नीट उजळला असेल तर भिंतीला त्याच्या सोळावा हिस्साच उजेड मिळतो, म्हणजे चार स्टॉप कमी; एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. पांढरी भिंतसुद्धा गडद होते. तोच दिवा मागे नेऊन माणसापासून 3 मीटरवर ठेवला, तर भिंत दिव्यापासून 6 मीटरवर येते आणि फरक फक्त दोन स्टॉपचा राहतो. भिंत दिसायला लागते, तिच्यावरची फ्रेम दिसते, खोली आहे हे कळतं. मोठ्या खिडकीजवळ हे गणित इतकं काटेकोर चालत नाही, कारण खिडकी म्हणजे एक बिंदू नसतो, पण कल तोच असतो. एकच खोली, एकच भिंत. माणसाला एकटं करायचं की त्याच्या घरात बसवायचं, हे दिवा किती जवळ आहे त्यावरून ठरवता येतं. हे कळल्यावर मी दोन पॅनलपैकी एक देऊन टाकला.

फ्लॅशच्या बाबतीत एक गाठ बराच काळ सुटत नव्हती. फ्लॅश आणि खोलीतला उजेड हे दोन वेगळे नळ आहेत आणि त्यांच्या तोट्याही वेगळ्या आहेत. फ्लॅश डोळ्याची पापणी लवायच्या आत येऊन जातो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या सिंक मर्यादेच्या आत, म्हणजे फ्लॅशबरोबर शटर जितकं वेगानं चालू शकतं तिथवर, बहुतेक कॅमेऱ्यांत सेकंदाच्या दोनशेव्या किंवा अडीचशेव्या भागापर्यंत, शटर उघडं राहण्याचा वेळ कमी-जास्त केल्यानं फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही. फरक पडतो तो खोलीतल्या उजेडात. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं लहान-मोठं होणारं भोक, मात्र दोघांनाही आवरतं. म्हणून आधी फ्लॅश बंद ठेवून खोली हवी तशी आणायची, मग फ्लॅश चालू करायचा. जुन्या फोटोंत मागचं सगळं काळंभोर का येत होतं, याचं उत्तर इथे होतं.

रंगाचं थोडक्यात सांगते. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: मेणबत्ती 1900 च्या आसपास, पिवळा बल्ब 2700, दुपारचं ऊन 5500, निरभ्र आकाशाखालची सावली 7000 च्या वर. आकडा वाढतो तसा रंग निळ्याकडे जातो. कॅमेऱ्याला एक आकडा सांगता येतो, दोन नाही. खिडकीजवळ बसलेल्या माणसाच्या डोक्यावर पिवळा बल्ब चालू असेल तर अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळा होतो, आणि नंतर संगणकावर बसून ते धड दुरुस्त करता येत नाही. बल्ब बंद करावा. याहून सोपा आणि याहून मोठा फरक पाडणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

हळूहळू मी दुसऱ्यांचे फोटो सावलीवरून वाचायला लागले. चेहऱ्याचा फोटो असला तर आधी डोळ्यांतली चमक बघायची. ती दहा वाजता आहे की दोन वाजता, चौकोनी आहे की गोल, एक आहे की दोन. दिवा कुठे होता आणि कसला होता हे बाहुलीतच लिहिलेलं असतं. मग नाकाची सावली. ती सूर्यघड्याळातल्या काट्यासारखी असते, दिव्याच्या बरोबर विरुद्ध बोट दाखवते. ती गालाच्या सावलीला जाऊन मिळाली आणि डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरला, की त्याला रेम्ब्रांट प्रकाशयोजना म्हणतात, सतराव्या शतकातल्या त्या डच चित्रकाराच्या नावावरून. आणि शेवटी कड. एवढ्या तीन गोष्टींवरून खोलीतला दिवा डोळ्यांसमोर उभा करता येतो. प्रवासात, वाट बघताना, मासिकं चाळताना मी हेच करते.

असं वाचता वाचता एकदा मी कॅमेऱ्यानं काढलेल्या, आज उपलब्ध असलेल्या सगळ्यात जुन्या फोटोपाशी पोहोचले. फ्रान्समध्ये नीसेफोर निएप्स यांनी 1826-27 च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून तो काढला. छपरं, भिंती, एक झाड. मी सवयीनं ऊन कुठून येतंय ते शोधायला लागले आणि अडखळले. समोरासमोरच्या दोन्ही भिंती उजळलेल्या होत्या. एका सूर्याला हे शक्य नाही. पण कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबराचा लेप देऊन काढलेल्या त्या फोटोला निदान दिवसभराचं ऊन लागलं होतं. तेवढ्या वेळात सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला आणि दोन्ही भिंतींवर ऊन ठेवून गेला. त्या फोटोत दिवस आहे, वेळ नाही. मी बराच वेळ त्याच्यासमोर बसले होते.

मग मी ताईकडे तिचा जुना चश्मा मागितला. "कशाला हवाय तुला?" तिनं विचारलं. मी सांगितलं, आणि ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चश्मा घरी आला, जुन्या डबीत, काचा स्वच्छ पुसलेल्या.

कागदाचा नवा, मोठा बोळा केला, त्यावर तो चश्मा बसवला आणि दिवा फिरवायला लागले. काच म्हणजे आरसा, आणि आरसा एकच नियम पाळतो: उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. कॅमेऱ्याच्या जागी डोळा लावून काचेत बघितलं आणि दिवा दिसला, तर फोटोतही तो दिसणार. दिवा कॅमेऱ्याशेजारी असला की तो काचेतून थेट लेन्समध्ये परततो, ते अल्बममधले पांढरे डाग. बाजूला आणि वर नेला की काचेबाहेर जातो. इथे मला एक अडचण आली जी मी ओळखली नव्हती. त्वचेला मोठा दिवा मानवतो, पण मोठा दिवा काचेतून बाहेर काढणं कठीण असतं. तो इतका पसरलेला असतो की कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यानं काचेत डोकावतोच. तिच्या चश्म्याच्या काचा बाहेरून फुगीर, त्यामुळे त्या तर खोलीच्या कानाकोपऱ्यातलं गोळा करतात. आठ-दहा दिवसांच्या खटपटीनंतर तीन गोष्टी हाताशी आल्या. खिडकीचा खालचा अर्धा भाग गडद कापडानं झाकायचा, म्हणजे उजेड वरूनच येतो. खुर्ची अशी वळवायची की खिडकीचा उजेड मागून-बाजूनं न येता बाजूनं-पुढून येईल, पण खिडकी काचेच्या कोनाबाहेर राहील. आणि चश्म्याच्या दांड्या कानांवर किंचित उचलायच्या, म्हणजे काचा जराशा खाली झुकतात आणि खिडकी त्यांतून वर निसटते. इतकं बारीक उचललेलं कोणाला कळतही नाही.

त्वचेचा प्रश्न वेगळा होता. ताई सावळी आहे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर जे दिसेल ते मध्यम करड्याच्या आसपास आणायला बघतो. मागे पांढरी भिंत असली की तो तिचा चेहरा आणखी गडद करायचा, आणि मग मी संगणकावर बसून तो उजळायचे. उजळता उजळता तिच्या त्वचेचा रंग निघून जायचा, राखाडी काहीतरी उरायचं. आता मी मीटर तिच्या चेहऱ्यावर लावते आणि आलेला आकडा एक स्टॉप खाली ठेवते, म्हणजे ती जशी आहे तशी येते. सावळ्या चेहऱ्यावर आकार दिसतो तो मुख्यतः त्यावरच्या झळाळीतून, गालाच्या हाडावर, नाकाच्या दांडीवर, ओठाच्या कडेला. ही झळाळी मोठ्या खिडकीतून आली की रुंद आणि मऊ येते, कातडीचा रंग तिच्याखाली शाबूत राहतो. छोट्या फ्लॅशमधून आली की कपाळ तेलकट दिसतं. तिचं कपाळ कधीच तेलकट नव्हतं.

तिला बोलावलं तो दिवस ढगाळ होता. मी खोलीतले दिवे बंद केले, खिडकीचा खालचा भाग झाकला, खुर्ची ठेवली. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करून बघितला, सावली भरून आली, पण पुठ्ठा काचेत दिसायला लागला, म्हणून काढून टाकला. त्या बाजूला अंधार राहू दिला. डोळ्याखाली, ओठांच्या कडांना रेघा दिसत होत्या. त्या दिसू दिल्या.

ती येऊन बसली. मी दांड्या थोड्या उचलल्या, तिचा खांदा जरा वळवला. कॅमेऱ्यातून बघितलं. नाकाची सावली गालावर तिरपी पडली होती आणि तिची कड कुठे सुरू होते ते मला सांगता आलं नसतं. काचांमध्ये काही नव्हतं.

"एक मिनिट थांब हं," ती म्हणाली आणि तिनं चश्मा काढला. माझा हात थबकला. मला वाटलं, सवयीनं काढला. तिनं रुमालानं दोन्ही काचा सावकाश पुसल्या, उजेडासमोर धरून बघितल्या, चश्मा पुन्हा घातला, दांड्या मी ठेवल्या होत्या तशा किंचित उचलल्या, आणि माझ्याकडे बघितलं.